लोबोच्या शिरावरील इनाम

चंद्रपूर नगरीच्या जन्मकथेत एक कुत्रा आहे, ही गोष्ट आमच्या बालवाचकांपैकी पुष्कळांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकली असेल. पंधराव्या शतकात गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा वर्धा नदीच्या काठी बल्लारपूर येथे राज्य करीत असे. त्याच्या अंगावर व्रण उठले होते. झरपट नदीच्या पाण्याने ते बरे झाले, आणि त्या ठिकाणी पुढे अचलेश्वराचे देवालय उभे राहिले. एके दिवशी राजा तेथून परत येत असता त्यास एक विपरीत दृश्य दिसले. कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा राजाच्या शिकारी कुत्र्याचा पाठलाग करीत होता! कुत्रा पुढे आणि ससा मागे, अशी ती दौड मोठे वर्तुळ करून बराच वेळ चालली. अखेर कुत्र्याने उलटून सशास ठार केले. राजाने हा वृत्तान्त राणीस सांगितला. राणी चतुर होती. ती म्हणाली की, ही भूमी शूरांची आहे. ज्या वाटेने ही दौड झाली त्या वाटेवरच कोट बांधावा, आणि जेथे कुत्र्याने सशास गाठले तेथे बुरूज अधिक भक्कम करावेत. पुढील राजांच्या कारकीर्दीत तो कोट पूर्ण झाला. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा व अचलेश्वर हे त्याचे चार दरवाजे आजही उभे आहेत.

ही दंतकथा आहे, इतिहास नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु तीत एक मर्म आहे. ऐकणारे सर्वजण सशाचे कौतुक करितात. कुत्र्याविषयी कोणी विचारीत नाही. तो राजाचा होता, राजाबरोबर रानात गेला होता, आणि त्याच्या धावण्याने शहराची सीमा आखली गेली. पण त्याचे नावसुद्धा कोणी जपून ठेविले नाही. याच्या उलट एका कुत्र्याचे नाव साऱ्या जगाने जपले आहे. तो कुत्रा चित्रपटातील होता. त्याच्या एका जुन्या मूकपटाची ओळख करून द्यावी, आणि त्या निमित्ताने आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानाविषयी चार गोष्टी सांगाव्या, असे आम्ही योजिले आहे.

त्या कुत्र्याचे नाव रिन टिन टिन. पहिले महायुद्ध संपत आले असता, १९१८ च्या सप्टेंबर महिन्यात, फ्रान्सच्या लोरेन प्रांतात ली डंकन नावाच्या एका अमेरिकन शिपायास बाँबगोळ्यांनी उद्ध्वस्त झालेले जर्मन सैन्याचे एक श्वानगृह आढळले. आत एक कुत्री व तिची नुकती जन्मलेली पिल्ले एवढीच काय ती जिवंत होती. डंकनने त्यांतील दोन पिल्ले स्वतःजवळ ठेविली. त्या काळी फ्रान्समध्ये लोकरीच्या दोऱ्याच्या दोन लहान बाहुल्या शुभशकुनाच्या म्हणून शिपायांना देत असत. त्यांचीच नावे त्याने या पिल्लांना दिली. मादी पिल्लू अमेरिकेस पोहोचल्यावर लवकरच मेले. नर मात्र जगला. डंकन स्वतः लहानपणी काही काळ अनाथालयात राहिलेला होता. निराधार पिल्लास पदरी घेण्याची बुद्धी त्यास का झाली असावी, हे आम्ही वाचकांच्या तर्कावर सोपवितो.

हे पिल्लू पुढे उत्तम उड्या मारू लागले. १९२२ साली एका श्वानप्रदर्शनात त्याने सुमारे बारा फूट उंचीचा अडथळा ओलांडला, आणि ते दृश्य चित्रित झाले. पुढील वर्षी, म्हणजे १९२३ मध्ये, वॉर्नर बंधूंच्या कंपनीने त्यास नायक करून एक चित्रपट काढिला. ही कंपनी त्या वेळी लहान होती व पैशाच्या अडचणीत होती. या कुत्र्याच्या चित्रपटांनी तिला चांगलाच हात दिला, असे सिनेमाचे इतिहासकार सांगतात.

आता आमच्या मुख्य विषयाकडे वळू. १९२५ साली निघालेल्या ‘क्लॅश ऑफ द वुल्व्ज’ या मूकपटाचे दिग्दर्शन नोएल स्मिथ याने केले. यात रिन टिन टिनने लोबो नावाच्या प्राण्याचे काम केले आहे. लोबो अर्धा कुत्रा व अर्धा लांडगा असून लांडग्यांच्या एका कळपाचा म्होरक्या आहे. कथेचा आरंभच वणव्याने होतो. डोंगरावरील अरण्य पेटते. आपल्या कळपास घेऊन लोबो खाली वाळवंटाकडे पळतो. तेथे रानातले भक्ष्य नाही. म्हणून कळप गुरांवर तुटून पडतो. गुरांचे मालक चिडतात, बंदुका काढितात, आणि लोबोच्या शिरावर शंभर डॉलरांचे इनाम लावितात.

एके दिवशी पाठलागात लोबोच्या पंजात निवडुंगाचा मोठा काटा शिरतो. लंगडा प्राणी कळपात टिकत नाही, म्हणून तो मरण्यासाठी एकटाच दूर जातो. तेथे डेव्ह नावाचा एक तरुण त्यास पाहतो. डेव्ह हा टाकणखार शोधणारा गरीब खाणवाला. हातात बंदूक आहे, समोर इनामाचा प्राणी आहे. परंतु त्याचे दुखणे पाहून डेव्हचे मन द्रवते. तो काटा काढितो, जखम बांधितो. तेथून पुढे लोबो त्याचा होतो. गावात कोणी ओळखू नये म्हणून डेव्ह त्याच्या तोंडाला खोटी दाढी लावितो, त्या वेळी तर हसू आवरत नाही. पुढे खाणीच्या लोभाने एक दुष्ट मनुष्य डेव्हवर घाला घालून त्यास वाळवंटात टाकून देतो. तेव्हा ज्या गावात आपल्या जिवावर इनाम आहे त्याच गावाकडे लोबो मदत आणावयास धावतो. लोक त्याला मारावयास पाठीस लागतात, आणि तो धावत धावत त्यांना डेव्हकडे घेऊन येतो.

काटा काढणाऱ्या मनुष्याची गोष्ट आमच्या वाचकांस नवी वाटणार नाही. सिंहाच्या पंजातील काटा काढणाऱ्या अँड्रोक्लीज नावाच्या गुलामाची रोमन कथा बहुतेकांनी इंग्रजीच्या वर्गात वाचिली असेल. संत जेरोम यांच्याविषयीही अशीच कथा सांगतात. चित्रपटाने तीच जुनी गोष्ट अमेरिकेच्या वाळवंटात नेली. २००३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहात जतन करण्याच्या चित्रपटांच्या यादीत या मूकपटाची निवड झाली.

आता मुले विचारतील की, कुत्र्यास हे सर्व कळत होते काय? याचे उत्तर समजून घेण्याजोगे आहे. मूकपटात आवाज टिपला जात नसे. त्यामुळे यंत्र चालू असताना डंकन बाजूस उभा राहून मोठ्याने आज्ञा देऊ शके: बैस, थांब, इकडे पाहा, धाव. प्रेक्षकांस तो दिसत नसे आणि त्याचा शब्दही ऐकू येत नसे. पडद्यावर मात्र कुत्रा स्वतःच्या बुद्धीने वागत आहे असे वाटे. बोलपट आल्यावर ही सोय गेली. वॉर्नर बंधूंनी १९२९ च्या अखेरीस या कुत्र्याशी असलेला करार संपविला. तेव्हापासून श्वानशिक्षकांना आवाजाऐवजी हाताच्या खुणांवर अधिक भिस्त ठेवावी लागली.

दुसरी युक्ती तुकडे जोडण्याची. प्रथम कुत्र्याचा चेहरा दाखवावयाचा, मग खोल कडा दाखवावयाचा, मग पुन्हा कुत्र्याचा चेहरा. आपण मनात म्हणतो, ‘तो उडी मारण्याचा विचार करीत आहे!’ वस्तुतः कुत्रा त्या वेळी डंकनच्या हातातील खाऊकडे पाहत असेल. रशियातील कुलेशॉव्ह नावाच्या दिग्दर्शकाने याच सुमारास असा प्रयोग केला होता. एका नटाचा एकच निर्विकार चेहरा त्याने कधी अन्नाच्या थाळीशेजारी, कधी शवपेटीशेजारी जोडून दाखविला. आणि प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यात कधी भूक तर कधी शोक दिसला. म्हणजे पडद्यावरील कुत्र्याच्या मनातील पुष्कळसा विचार आपणच आपल्या पदरचा घालीत असतो.

यावरून रिन टिन टिन खोटा होता असे कोणी समजू नये. उड्या त्याच्या होत्या, धावणे त्याचे होते, आणि धन्यावरील प्रेमही त्याचेच होते. कपटी खलाची पारख व निरोपाचे महत्त्व या गोष्टी तेवढ्या माणसाने रचिल्या. १९३२ च्या ऑगस्टमध्ये तो मेला. पॅरिसजवळील प्राण्यांच्या दफनभूमीत त्याची समाधी आहे.

आपल्या देशातही या कुत्र्याच्या यशाचे पडसाद उमटले. मुंबईच्या वाडिया बंधूंनी १९३३ साली वाडिया मूव्हिटोन ही संस्था काढिली. तिच्या साहसी बोलपटांत घोडे, मोटारी व कुत्रे यांना मानाच्या भूमिका असत. १९३७ च्या ‘तूफानी टारझन’ या त्यांच्या बोलपटात रानात पोरक्या झालेल्या मुलाजवळ मोती नावाचा कुत्रा आहे. ‘मोती’ हे नाव आपल्या खेड्यापाड्यांत घरोघरी आढळते. अशा प्रकारे शूर कुत्र्याची प्रतिमा हिंदुस्थानच्या प्रेक्षकांच्या मनात रुजली.

आता आम्ही वाचकांस पडद्यासमोरून उठवून आपल्या रानाच्या कडेला आणितो. लोबोच्या कथेतील तीन गोष्टी, म्हणजे वणवा, कळप आणि इनाम, या तिन्ही आपल्या जिल्ह्यांना चांगल्या परिचयाच्या आहेत.

प्रथम वणवा. चित्रपटात तो आरंभी येतो आणि पाच मिनिटांत विसरला जातो. वास्तविक सर्व अनर्थाचे मूळ तोच आहे. रान जळाले नसते तर लांडगे गुरांवर आले नसते, आणि इनामही लागले नसते. आपल्याकडे फेब्रुवारीच्या मध्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत वणव्याचा हंगाम असतो. आमची रानझाडे त्या दिवसांत पाने टाकितात. जमिनीवर वाळक्या पाल्याचा थर साचतो. मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला कोणी पेटवितो. तेंदूला नवी पालवी जोमाने फुटावी म्हणून कोणी आग लावितो. कोणी विडीचे थोटूक टाकून पुढे जातो. आमच्या रानात आपोआप लागणारी आग क्वचितच असते. बहुतेक वणवे माणसाच्या हातचे होत. वनखाते हंगामापूर्वी जाळरेषा काढते; म्हणजे रानातील ठरावीक पट्टे आधीच साफ करून ठेविते, की ज्यायोगे आग पलीकडे जाऊ नये. परंतु ज्या घरात ‘पाला झाडून गोळा करू, पेटविणार नाही’ असे ठरते, ते घर शेकडो हात जाळरेषेचे काम करिते.

दुसरी गोष्ट कळप. आपल्या रानात लोबोचा जो भाऊबंद आहे त्यास कोळसून किंवा रानकुत्रा म्हणतात. ताडोबाच्या रानात तो आजही आहे. अंग तांबूस, शेपूट झुपकेदार व काळसर, वजन साधारणतः बारा ते वीस किलो. नावात ‘कुत्रा’ असला तरी तो आपल्या मोतीचा जातभाई नव्हे. कुत्रा व लांडगा ही एकाच कुळीतील अगदी जवळची जात. कोळसून त्यांच्याहून वेगळा. कुत्र्यास बेचाळीस दात असतात, कोळसुनास चाळीस. तो कुत्र्यासारखा भुंकत नाही. दाट झाडीत एकमेकांस हाक देण्यासाठी तो शीळ घालतो. हे प्राणी कळपाने चितळ व सांबर यांची शिकार करितात. भक्ष्य पडल्यावर पिल्लांना प्रथम खाऊ देणे हा त्यांचा रिवाज आहे. बिळातील लहान पिल्लांसाठी व त्यांची राखण करणाऱ्यांसाठी शिकारीस गेलेले परत येऊन पोटातील मांस ओकून देतात. माणसावर ते सहसा चाल करीत नाहीत.

तिसरी गोष्ट इनाम. आमचा जुना चांदा जिल्हा मध्यप्रांतात होता. इंग्रजी अमदानीत वाघ, बिबटे, लांडगे व रानकुत्रे मारणाऱ्यास सरकारी तिजोरीतून बक्षीस मिळे. रानकुत्र्यास तर शिकारी साहेब उघडउघड चोर समजत. कारण ज्या चितळांवर साहेबांची बंदूक रोखलेली, तीच चितळे तो आधी मारीत असे! लोबोवरील शंभर डॉलर ही केवळ कथाकाराची कल्पना नव्हती. तशी बक्षिसे आपल्या कचेऱ्यांतही मोजून दिली जात. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानकुत्र्यास संरक्षण मिळाले. तोपर्यंत पुष्कळ रानांतून तो नाहीसा झाला होता. आज साऱ्या जगात तो संकटग्रस्त प्राण्यांत गणला जातो. ताडोबास १९५५ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, हे या प्राण्याचे मोठेच भाग्य होय.

येथे कोणी पालक म्हणतील, ‘हे सर्व ठीक; परंतु आमच्या मुलांनी शूर कुत्र्याची कथा पाहून काय घ्यावे?’ प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर देण्यासाठीच आम्ही हा लेख लिहावयास घेतला. आमच्या मते अशा कथांपासून एक घ्यावे आणि एक टाकावे.

टाकावयाचे ते असे. चित्रपट पाहून मुलास वाटते की, आपला मोतीही वाघाशी झुंजेल. तो त्यास घेऊन रानाकडे जातो, सशामागे किंवा चितळाच्या पाडसामागे सोडतो. परंतु रानात तुकडे जोडणारा दिग्दर्शक नसतो. वाघ किंवा बिबट्या दिसला की कुत्रा भुंकतो, मग घाबरून धन्याच्या पायांकडेच धाव घेतो. आणि त्याच्या पाठोपाठ जनावरही येऊ शकते. बिबट्यास कुत्रा हे आवडते भक्ष्य आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात झालेल्या एका अभ्यासात बिबट्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा पाळीव व मोकाट कुत्र्यांचाच आढळला. म्हणजे अंगणात रात्री मोकळे सोडलेले कुत्रे घराची राखण करिते असे आपण समजतो, पण कित्येकदा तेच बिबट्यास अंगणाची वाट दाखविते. आपल्या जिल्ह्यांत दरवर्षी वाघ-बिबट्यांच्या हल्ल्यांत माणसे मरतात. ज्या घरातले माणूस गेले आहे, त्या घरासमोर शौर्याची गोष्ट बोलणे आम्हांस साधत नाही. तेथे फक्त सावधगिरीची गोष्ट बोलता येते.

आणखी एक धोका डोळ्यांस दिसत नाही. पिसाळणे व डिस्टेंपर हे कुत्र्यांचे रोग रानातील प्राण्यांसही होतात. गुजरातेतील गीरच्या रानात २०१८ साली डिस्टेंपरच्या विषाणूने व इतर कारणांनी थोड्याच दिवसांत वीसहून अधिक सिंह मेले. एका गावातील लस न टोचलेली कुत्री रानात भटकली, तर जे काम पूर्वी इनामाने केले तेच काम रोग करू शकतो. कोळसून तर कळपाने एकत्र राहणारा, त्यामुळे एकाचा रोग सर्वांस लागावयास वेळ लागत नाही.

आता घ्यावयाचे ते. कुत्र्याचे खरे मोठेपण त्याच्या दातांत नसून त्याच्या नाकात, कानांत आणि त्याच्या विश्वासात आहे. धानाच्या बांधीवर जागल करणाऱ्या शेतकऱ्यास विचारा. झोप अनावर झाली असता काळोखात काही हालले, तर प्रथम कुत्र्याचे कान उभे राहतात. त्या एका गुरगुरण्याने माणूस सावध होतो व शेकोटीत लाकूड सारतो. यात लढाई नाही, उडी नाही. पण जीव वाचतो. तसेच २००८ सालापासून आपल्या देशात वनखात्यांसाठी कुत्र्यांना विशेष शिक्षण देण्याचा उपक्रम चालू आहे. ग्वाल्हेरजवळ टेकनपूर येथे सीमा सुरक्षा दलाचे श्वानशिक्षण केंद्र आहे, तेथेही अशी काही कुत्री तयार झाली आहेत. लपविलेले वाघाचे कातडे, हाडे किंवा हस्तिदंत वासावरून हुडकून काढणे हे त्यांचे काम. महाराष्ट्राच्या वनखात्यासही अशा कुत्र्यांचे साहाय्य झाले आहे. त्यांना मिळणारे बक्षीस म्हणजे शिक्षकाच्या हातचा एक चेंडू व पाठीवर थाप.

म्हणून आम्ही विद्यार्थ्यांस चार गोष्टी सुचवितो. आपल्या कुत्र्यास दरवर्षी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन पिसाळण्याची लस टोचून घ्यावी. रात्री त्यास उघड्या अंगणात न ठेविता बंद जागेत ठेवावे. मोहफुले किंवा तेंदूपाने वेचावयास जाताना लहान भावंडांस व कुत्र्यास खेळ म्हणून संगती नेऊ नये. मोठ्यांनी मिळून, बोलत बोलत जावे. आणि कुत्रा चावल्यास घरातील कोणीही ते लपवू नये; जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच दवाखाना गाठावा. या गोष्टी करावयास शौर्य लागत नाही, केवळ आठवण लागते. परंतु हे करणारा मुलगा आपल्या मोतीवर जे उपकार करितो, ते डेव्हने लोबोवर केलेल्या उपकारांहून कमी नाहीत.

‘क्लॅश ऑफ द वुल्व्ज’ पाहताना आम्हांस सर्वांत थोर वाटणारा क्षण उडीचा नाही की धावण्याचा नाही. तो आहे डेव्ह बंदूक बाजूस ठेवून खाली वाकतो तो. शंभर डॉलर समोर बसलेले असता त्यास आधी काटा दिसला. परमेश्वराने मनुष्यास प्राण्यांवर सत्ता दिली असे आपण शास्त्रात वाचतो. ती सत्ता राखणदाराची आहे, हे त्या एका वाकण्यात दिसून येते.

चंद्रपूरच्या कोटावर अनेक वर्षे झाडझुडूप माजले होते. २०१७ सालापासून इको-प्रो या संस्थेच्या तरुणांनी अनेक महिने श्रमदान करून तो साफ केला, आणि आता त्यावरून लोक हिंडू लागले आहेत. आमच्या वाचकांपैकी कोणी सुट्टीत त्या तटावरून चालू लागला, तर त्याने क्षणभर थांबून त्या निनावी कुत्र्याची आठवण करावी. दंतकथा खरी धरिली तर ती वाट त्यानेच आखली. आणि घरी परतल्यावर दारात शेपूट हालवीत उभा असलेला जो असेल, त्याच्या पंजात काटा तर नाही ना, हे एकदा वाकून पाहावे.